पत्त्यावरचा माणूस शोधणाऱ्या बनसोडे बाई

आदरणीय वत्सला बनसोडे बाईंची आणि माझी ओळख सांगलीतल्या एका एसटीडी बूथवर झाली. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात शिकलेल्या मंडळींचे लेख आहेत, त्यांत नववीतून शाळा सोडलेल्याचं काय काम, असं मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "बाईंनीच तुमचं नाव सांगितलंय." मग लिहायला बसलो.

तर बूथ. मी विट्याचा. आमच्याकडं घरटी एखादा तरी माणूस सोनं गाळायच्या धंद्यापायी परमुलखात असतो. आमचे मामा कोइमतूरला, एक चुलते कानपूरला, दुसरे गुवाहाटीला. मी सगळ्यांकडं थोडं थोडं राहिलो आणि कुठंच टिकलो नाही. गुवाहाटीला तर दुकान सोडून तीन महिने नावेवर होतो, पण ते इथं नको. त्या दिवशी मामांना फोन करायला रांगेत उभा होतो. काचेपलीकडं एक बाई रिसीव्हर कानाला लावून नुसत्याच उभ्या. मीटरचे लाल आकडे पळतायत आणि बाई गप्प. शेवटी मी दार लोटलं.

"आवं बाई, पलीकडं कोन न्हाई का? लाइनीत मानसं हायत."

"आहेत की," बाई रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाल्या. "'तुमच्याकडं मराठीचं काम कोण तपासतं?' एवढंच विचारलंय. त्याला शोधायला गेलेत. अजून सापडलेला नाही."

आणखी अर्धं मिनिट थांबून बाईंनी फोन ठेवला आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "सुटले. तिथं मराठी वाचणारं कुणी नाही." मी बूथवाल्याला कोइमतूरचा कोड विचारला तर परत वळल्या. "कोइमतूरला कोण असतं रे तुझं?"

इथून आमचं सुरू झालं.

बाईंनी सांगलीच्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं आणि मग मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरबसल्या भाषांतराला बसल्या. औषधांची पत्रकं, यंत्रांची माहितीपुस्तकं, असली कामं. ही कामं दिल्ली-मद्रासकडच्या एजन्स्यांकडून येतात. एजन्सीवाला बाईंना कधी दिसत नाही, बाई त्याला दिसत नाहीत. पत्र येतं, वर झोकदार छापील नाव असतं. बाई म्हणतात, "छापील नाव काय, लग्नपत्रिकेवर पण असतं." म्हणून अनोळखी एजन्सीचं पत्र आलं की बाई आधी जबाबी कार्ड टाकतात. पूर्वी ज्यांनी तिथं काम केलं त्यांचा पत्ता मागतात आणि त्यांनाही लिहितात. नमुना म्हणून एकच पान करून देतात, आणि त्या पानाबरोबर दोन-तीन शंका पाठवतात. 'तुम्हाला योग्य वाटेल तसं करा' असं उत्तर आलं की ती एजन्सी बाद. बाईंचं म्हणणं, ज्याला शंकेचा कंटाळा, त्यानं मूळ कागदही वाचलेला नसतो.

माझी ओळख झाल्यावर यात आमचे पाहुणे आले. विट्याचा माणूस नाही असं मोठं गाव हिंदुस्थानात नाही. बाई पत्ता द्यायच्या, मी तिथल्या पाहुण्याला कार्ड टाकायचो. कानपूरच्या चुलत्यांचं उत्तर बाईंनी अजून ठेवलंय: 'पत्त्यावर सायकलीचं दुकान हाय. भाषांतर म्हंजे काय ते मालकाला ठाव न्हाई. मानूस चांगला, चा पाजला. येळगावला जमीन इकायला निघाली तर कळीव.' बाई हसून हसून दमल्या. मग माझ्याकडून त्यांना आभाराचं पत्र लिहून घेतलं, चुका दुरुस्त करून दोनदा. मला पत्र लिहिता येतं ते तेव्हापासून.

एवढी चौकशी कशाला, असं लोक विचारायचे. मीही विचारलं होतं. बाईंनी तेव्हा कुंडलचं सांगितलं. त्यांची धाकटी बहीण तिथं दिली आहे. एकदा तिच्या मळ्यावर गेल्या, तर बांधावर सावलीत पिण्याच्या पाण्याचा डबा. डबा फवारणीच्या औषधाचा. बाहेरून लावलेलं मराठी पत्रक अजून धड होतं. बाई वाचायला लागल्या तर वाक्य न् वाक्य त्यांचं स्वतःचं. फक्त शेवटचं नव्हतं. रिकामा डबा घरात वापरू नये, ठेचून पुरून टाकावा, हे बाईंनी लिहिलेलं वाक्य छापताना गेलं होतं.

बहीण म्हणाली, "आगं, चांगला चारदा धुतलाय की. पत्र्याचा डबा टाकून कोन देतं व्हय?"

बाईंनी पाणी ओतलं, डबा ठेचला, आपल्या हातानं खड्डा काढून पुरला. कुणाला काही झालं नाही. एजन्सीला फोन केला तर तिकडून उत्तर आलं, जागा पुरली नाही. बाई मला म्हणाल्या, "मी नीट लिहिलं होतं, यानं काय झालं रे? मी कुणाच्या हातात दिलं, ते बघितलं नव्हतं."

त्यानंतर लागोपाठ आलेल्या एजन्स्या बाईंच्या कसोटीला उतरल्या नाहीत. घर चालायला हवं होतं. जुन्या हेडमास्तरांनी संस्थेच्या दुसऱ्या शाळेतली इंग्रजीची जागा देऊ केली. सोमवारपर्यंत येता की नाही ते सांगा, म्हणाले. त्याच सुमाराला कोइमतूरहून पत्र आलं. पाण्याच्या मोटरींच्या माहितीपुस्तकांचं दोन वर्षांचं काम. नमुना गेला होता, शंका गेल्या होत्या, उत्तर आलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "हे जमलं नाही तर टाइपरायटर देऊन टाकते कुणाला तरी. जाऊन बघून येशील?"

निघालो. आता कबूल करतो, वाटेत गाडीत आपल्याकडं बोअर मारायला येणारी तमिळ टोळी भेटली, त्यांच्या गावी यंत्रं बघायला उतरलो आणि दीड दिवस गेला. कोइमतुरात पोचलो तो शनिवारी. पत्ता शोधत गेलो, तर इडलीच्या हॉटेलावर एक खोली. बोर्ड नाही. दोन मुली टाइप करतायत आणि चष्मा लावलेला एक म्हातारा फोनवर भांडतोय. मला तासभर बसवून ठेवलं. मी खाली आलो आणि बाईंच्या शेजारच्या डॉक्टरांकडं फोन लावला.

"बाई, ह्यात काय दम न्हाई. साधा बोर्ड बी न्हाई. म्हातारा लय तऱ्हेवाईक हाय, माझ्याशी धड बोलला न्हाई."

"बरं," बाई म्हणाल्या. आवाज पार खाली गेला. मग विचारलं, "तासभर काय करत होता तो?"

"भांडत हुता. एका चित्रावरनं."

"कसलं चित्र?"

मामांकडं राहून मला कामापुरती तमिळ येते, म्हणून सांगता आलं. मोटर सुरू करणाऱ्या माणसाचं चित्र होतं. ओल्या जमिनीवर, अनवाणी. मजकुरात पायात रबरी चप्पल घाला असं लिहिलेलं. चित्र बदलल्याशिवाय एकाही भाषेत पुस्तक देणार नाही, असं म्हातारा कंपनीला बजावत होता. फोन ठेवून चित्रावर बोट आपटून माझ्याकडं बघून हिंदीत म्हणाला होता, "ये आदमी मरेगा."



"सुभाष," बाई म्हणाल्या, "वर जा आणि त्यांना सांग, सांगलीच्या बाईंनी काम घेतलं. आणि सांगून लगेच पळू नकोस, जेवलेत का विचार."

सोमवारी बाई हेडमास्तरांकडं गेल्या आणि नको म्हणून आल्या. मंगळवारी कोइमतूरचं पाकीट आलं. शंकांची उत्तरं होतीच, वर म्हाताऱ्यानं बाईंच्या नमुन्यावर स्वतःच्या चार शंका काढल्या होत्या. बाईंना इतकं खूश झालेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. दोन वर्षांचं म्हणून आलेलं ते काम अजून सुरूच आहे.

घरचे मला उनाड म्हणतात. बाईंनी एका जागी बस असं मला कधी म्हटलं नाही. हेडमास्तरांशी माझी ओळख करून देताना म्हणाल्या, "हे आमचे प्रतिनिधी." मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पण खुर्ची दिली.

बाईंच्या उजव्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरतोय. बारीक टाइप दिसत नाही, असं त्या म्हणतात आणि भिंग घेऊन बसतात. तो डोळा लवकर बरा होवो. आमच्या भागात रोज नवी मोटर येते, नवं औषध येतं, आणि त्याचा कागद उघडून बघणारा माणूस त्यावर जिवाचा भरवसा टाकून वागतो. तो कागद बाईंच्या हातून जावा, म्हणून बाईंना निरोगी शंभर वर्षं मिळोत. ती विट्याच्या, आष्ट्याच्या, कुंडलच्या माणसांसाठी मागतोय, बाईंनी नाही म्हणू नये.