ग्योक लियानचं उत्तरेकडचं कासव

ग्योक लियानने आयुष्यभर कासवंच केली. चिकट तांदळाच्या पिठाची, लालबुंद, पोटात मुगाचं गोड सारण आणि पाठीवर लाकडी साच्याने उठवलेली खवल्यांची नक्षी. बाळ महिन्याचं झालं, कुठल्या देवाचा वाढदिवस आला, की पिनांगच्या त्या गल्लीत तिच्याच हातचे अंकु, म्हणजे ही गोड कासवं, लागायचे. हाताला गोडी होती, ती सगळी हातातच संपली होती. जीभ मात्र मिरचीची.

रोज सकाळी सासू तिच्या शेजारी बसून केळीच्या पानांच्या चकत्यांना तेल लावायची. सगळी गल्ली तिला अमा म्हणायची. हात चालायचे, तोंडं त्याहून चालायची. कुणाची सून रुसली, कुणाच्या नवऱ्याने केस काळे केले, सगळं त्या मेजावर यायचं. नवऱ्याशी उभ्या जन्मात झालं नसेल एवढं बोलणं तिचं सासूशी झालं होतं.

मग वरच्या मजल्यावरच्या धाकट्या जावेने, शिउ पेंगने, कासव आणलं. गालावर तांबडा पट्टा असलेलं, पाण्यातलं. गच्चीत मोठी टाकी मांडली, पोहायला भरपूर पाणी, एका कोपऱ्यात विटांची उतरंड, अर्ध्या भागावर जुन्या चादरीची सावली. कासव विटांवर चढून उन्हात पडायचं. आणि अमा कॉफीचा पेला घेऊन जी वर जायची, ती जेवायलाच खाली.

"अमा, पानं पडलीत तशीच!" ग्योक लियान जिन्यातून ओरडायची.

"येते गं! मागचे पाय बघ कसे ताणलेत मेल्याने. तुझा सासरा जेवल्यावर असाच पसरायचा."

वरून दोघींचं खिदळणं यायचं. खाली ग्योक लियान साच्यावर असा तळहात आपटायची की सारण बाहेर यायचं. गिऱ्हाइकाने विचारलंच, "अमा दिसत नाहीत?" तर म्हणायची, "वर गेल्यात. अजून देवाकडे नाही, जावेकडे."

शेवटी तिनेही कासव आणलं. वरच्यापेक्षा देखणी काचेची टाकी, तळाशी निळे खडे, मधे प्लास्टिकचा राजवाडा. वास्तू बघणाऱ्या कोह सिनसेला बोलावलं. तो होकायंत्र फिरवत म्हणाला, "कासवाची दिशा उत्तर. टाकीचं तोंड दाराकडे नको, नाहीतर घरचं नशीब चालत बाहेर जाईल." उत्तरेला होता पिठाच्या पोत्यांमागचा कोपरा. तिथे दिवसाही दिवा लावावा लागे. टाकी तिथेच गेली. पाणी काठोकाठ भरलं. चढून बसायला वीट नाही की फळी नाही. विटा म्हणजे वरचीची नक्कल झाली असती.

पहिले काही दिवस अमा खाली बसली. ग्योक लियानने त्या दिवसांत गुणगुणत अंकु केले. पण कासव नुसतं पोहत राहिलं, मग दमलं, मग खाईना. त्याचे डोळे सुजले. एका सकाळी तिने त्याला उचललं आणि अंगठा पाठीवर दबला. तो मऊपणा तिच्या बोटांना पक्का ठाऊक होता: वाफेवरून नुकत्याच उतरलेल्या अंकुचा.

"वर ने त्याला," अमा म्हणाली. "शिउ पेंगला कळतं यातलं."

तेवढं एक वाक्य ग्योक लियानला दिवसभर बोचायला पुरलं. तरी संध्याकाळी तीच जिना चढली. शिउ पेंग खाली आली, टाकी पाहून तिने कपाळावर हात मारला.

"तुआ सो, तुम्ही थोरल्या जाऊबाई म्हणून एरवी मी बोलत नाही, पण हा मासा आहे का? बसायला कोरडी जागा नाही, उन्हाची तिरीप नाही. कवच मऊ नाही पडणार तर काय?"

"सिनसेने उत्तर सांगितली होती."

"मग सिनसेलाच उभा करा त्या पाण्यात दिवसभर! उद्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ. आणि काचेआडचं ऊन कामाचं नाही, उघड्यावरचंच हवं. द्या, वर ठेवते."

"हो, ने! अमा वर, कासवही वर! मी तेवढी खाली पोत्यांजवळ!"

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं काय बोलली ते. अमा खुर्चीत होती. तिने पेला खाली ठेवला.

खालच्या मजल्यावर सकाळचं ऊन एकाच ठिकाणी पडायचं, दुकानापुढच्या ओसरीत, जिथे ग्योक लियानचं मेज होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडून डोळ्यांचे थेंब आणि औषध घेऊन आल्यावर तिने मेज ओढत पोत्यांजवळ नेलं आणि टाकी ओसरीत आणली. राजवाडा काढला. विटा रचल्या. अर्धी सावलीही केली. नक्कल तर नक्कल. रस्त्याने जाणारा सिनसे थबकला.

"तोंड रस्त्याकडे? नशीब निघून जाईल!"

"जाऊ दे. चार घरं फिरलं की आमची किंमत कळेल त्याला."

हळूहळू कासव विटांवर चढायला लागलं. पाठ टणक झाली. अमा आता ओसरीत बसते. शिउ पेंगही भाजी निवडायला तिथेच येऊन टेकते, दोघी कासवाकडे बघत हसतात. ग्योक लियान आत, अंधाऱ्या कोपऱ्यात, पीठ मळते. ऊनही गेलं, सासूही गेली.

एकदा बाहेर हशा जरा जास्तच पिकला. ग्योक लियानने पिठाची परात उचलली, दुसऱ्या हातात स्टूल घेतलं, आणि बाहेर येऊन बरोबर दोघींच्या मधे ठेवलं.

"सरक गं," ती शिउ पेंगला म्हणाली. "कुणाच्या नवऱ्याचं चाललंय? मला पहिल्यापासून सांगा."