अठ्ठ्याऐंशी गाठी

माझ्या जन्मात मी दोनच तऱ्हेची माणसं पाहिली. एक, पोटासाठी गाव सोडून कामाच्या मागं हिंडणारी; आन दुसरी, माझ्या सुनेची बहीण. पहिल्या तऱ्हेत मी स्वतः आले. दसरा झाला की बैलगाडीत भांडी, कोंबड्या आन लेकरं घालायची, कारखान्याच्या वाटंला लागायचं, पाच-सहा महिने लोकांचा ऊस तोडायचा आन उन्हाळा सरता सरता माघारी यायचं. अशी माझी अठरा वर्षं गेली. हौस म्हणून कुणी ऊस तोडायला गेल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. आन ही बया! जर्मनीत हायडेलबर्गला कॉलेजात शिकत होती. आईबाप धडधाकट, नळाला गरम पाणी, कुणी हाकललं नाही की कुणी बोलावलं नाही. तरी ऑस्ट्रेलियात जाऊन लोकांची फळं तोडायची, पाठीवर बिऱ्हाड घेऊन या शहरातून त्या शहरात काम शोधत फिरायचं, म्हणून शिक्षण सोडून व्हिसा काढून बसली. मला सुनेनं सांगितलं तेव्हा मी विचारलं, "तिच्या गावाला दुष्काळ पडलाय का?"

आमचं बिऱ्हाड जर्मनीतच, लुडविग्सहाफेनला, तिसऱ्या मजल्यावर. लेक केमिकल कंपनीत मोठा साहेब आहे. हा साहेब उसाच्या फडात, पाचटाच्या ढिगाआड जन्मला, हे त्याच्या कंपनीत कुणाला माहीत नव्हतं आन मीही कुणाला सांगायला जात नव्हते. सून जर्मन आहे, गुणाची आहे. रोज सकाळी विचारते, "आई, तुम्ही जेवलात का?" तिथं तिचं मराठी संपतं. नातीला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमधून येतं. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये सांगते, दोघी मान हलवतो. आठ वाजता सगळे गेले की घरात मी आन फ्रिजचा आवाज.

अशात सुनेची बहीण तीन महिने राहायला आली, जायच्या आधी. मला वाटलं पाव्हणी आहे, तिला लेकाची कामाची खोली देतील. तिनं माझ्या खोलीत, माझ्या खाटंच्या बाजूला खाली झोपायची पिशवी अंथरली. गादी दिली तर नको. "सराव," म्हणली. आठ दिवसांत मला खुणेनं विचारून विचारून तोडकंमोडकं मराठी बोलायला लागली, तेही माझंच मराठी, बीडकडचं. लेकाला लाज वाटायची. तो पुण्यात शिकलेला, तो तिला म्हणायचा, "'लई' नाही, 'खूप' म्हण." ती म्हणायची, "आल्झो," म्हणजे हे बघ, "आज्जी लई म्हणती, मी लई म्हणणार." मला ती 'आज्जे' म्हणायची. असं मला माझ्या गावच्या पोरींनी हाक मारून किती वर्षं झाली असतील कुणास ठाऊक.

तिचं सामान बांधणं ही एक बघायची गोष्ट होती. भाजी तोलायच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवायची, वजन लिहायची आन मग त्या वस्तूला शिक्षा करायची. दात घासायच्या ब्रशाचा दांडा करवतीनं अर्धा कापला. पुस्तकाची वाचून झालेली पानं फाडली. टॉवेल कापून रुमालाएवढा केला. बाई, म्हणलं, आता नखं तेवढी राहिली! आन हे सगळं करून जे वजन वाचलं ना, त्याच्या दहापट वजनाचा माझा लोखंडी तवा पिशवीत घातला. हा तवा माझ्या सासूचा. कारखान्यावर कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या खोपटातल्या चुलीवर तापला, लेकाच्या पुण्याच्या घरात गॅसवर तापला, आन माझ्याबरोबर विमानानं इथं आला. मी म्हणलं, "अगं, ह्याचं वजन केलंस का?" म्हणली, "आज्जे, भाकरीचं वजन धरायचं नसतं." आता अशा माणसाला काय बोलावं? मी तवा दिला. माझ्या पोटच्या लेकीलासुद्धा दिला नव्हता.

तिच्या प्रश्नांना तर धरबंध नव्हता. माझ्या नडगीवर एक वण आहे, चांगला वीतभर. तीस वर्षं घरातल्या सगळ्यांनी तो पाहिला आन नजर फिरवली. हिनं पहिल्या महिन्यातच बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं, कोयता लागला. धुकं होतं, ऊस ओला होता, हात सटकला. हळद भरली, लुगड्याचा काठ बांधला. ती डोळ्यांत पाणीबिणी आणत बसली नाही. विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी?" म्हणलं, "दुसऱ्या दिवशी ऊस होताच की." "गेनाऊ," म्हणली ती, म्हणजे अगदी बरोबर, आन मान हलवली. मग रोज नवीन विचारायची. मोळी कशी बांधायची, डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची फडक्याची चुंबळ कशी वळायची. चुंबळ तिला लई आवडली. पाण्याच्या बाटल्यांचा अख्खा क्रेट डोक्यावर घेऊन तीन जिने चढली, हात सोडून! खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईनं दार उघडलं, बघितलं आन हळूच दार लावून घेतलं. तेव्हापासून ती बाई मला जिन्यात आधी वाट देते.

गेली ती गेली. मग रोज सकाळी दहाला तिचा फोन, तिकडं सांज झालेली असायची. सुरवातीचे महिने ती शहरांतनंच फिरली. सिडनीला हॉटेलात भांडी घासली, तिथनं बसनं मेलबर्नला, तिथं खाटा लावल्या, मग कुणाच्या तरी गाडीत पेट्रोलचे अर्धे पैसे भरून वर उन्हाच्या मुलखात. एका ठिकाणी चौदा पोरांबरोबर एका घरात राहिली. ती पोरं ताटं तशीच टाकून झोपायची. हिनं पहिल्याच दिवशी भिंतीवर पुत्झप्लान लावला, कुणी कोणत्या दिवशी काय झाडायचं-पुसायचं त्याचा तक्ता. पोरं हसली. पंधरा दिवसांनी ती गाव सोडून निघाली तर तीच पोरं म्हणली, तक्ता ठेवून जा. एकदा म्हणली, "आज्जे, इथं ज्वारी गुरांना घालतात!" म्हणलं, "गुरं सुखी आहेत बाई तिथली."

पण हौसेपाठी एक घोर होता. तिकडच्या सरकारचा नेम असा, की शेतात अठ्ठ्याऐंशी दिवस काम केल्याचा कागद दाखवा, मग दुसरं वर्ष राहा. नाही भरले दिवस, तर वर्ष सरलं की घरी. शहरातली भांडी त्यात धरत नाहीत. तिला ते दुसरं वर्ष जिवापाड पाहिजे होतं. मी एकदा विचारलं, एवढं काय अडलंय? तर म्हणली, "आज्जे, मी सगळं अर्धं सोडते. नाच सोडला, पियानो सोडला, हायडेलबर्ग सोडलं. आई म्हणते, तू दांडा कापलेला ब्रश आहेस. हे मला पुरं करायचंय." माझ्या मनात काय होतं ते आता सांगते. माझ्या मनात होतं, नाही भरले तर बरं. पोरगी घरी येईल.

एका गावात ती तीन आठवडे नुसती बसून होती. एक माणूस रोज म्हणायचा, काम उद्या आहे. मी विचारलं, "त्याच्या हातात दोन फोन आहेत का? आन बूट चकचकीत?" ती चकित झाली. "तुला कसं कळलं?" म्हणलं, "तो मुकादम. फडात गेलेल्या माणसाचे बूट चकाकत नाहीत. त्याच्या दारातनं ऊठ आन तिथल्या कुणा बागवाल्याची बायको गाठ. पाणी माग. पाणी दिलेल्या बाईला तोंड फिरवता येत नाही." दुसऱ्या दिवशी तिनं तसंच केलं आन संध्याकाळी फोनवर ओरडली, "आज्जे! आंबा!" आंब्याच्या बागेत काम मिळालं होतं.

दिवस मोजायची आमची रीत मी तिला जायच्या आधीच दाखवली होती. आमच्या टोळीत लिहिता कुणाला येत नव्हतं. दिवस मावळला, कोयता कोपीच्या पाचटात खोचला की सुतळीला एक गाठ. ताप आला म्हणून ऊस न तोडता नुसत्या वाढ्याच्या, उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधल्या, तरी गाठ. घाम आला की गाठ, एवढाच कायदा. ती म्हणली, "माझी वही, तुझी सुतळी. मी रोज सांगणार, तू मारायची." मी बाल्कनीच्या दांडीला सुतळी बांधली. शेतात काम केल्याचं तिनं सांगितलं, की फोन ठेवून एक गाठ. नात विचारायची हे काय चाललंय, मी म्हणायची, तुझी मावशी वाढतीये.

मग वर्ष सरायला आठ दिवस राहिले आन आंबा संपला. ती फोनवर पहिल्यांदा हळू आवाजात बोलली. "आज्जे, पंच्याऐंशी. तीन कमी. कुठंच काम नाही. मी पुन्हा अर्धंच केलं." म्हणलं, बरं. फोन ठेवला. बाल्कनीत जाऊन सुतळी मोजली. दोनदा मोजली. अठ्ठ्याऐंशी.

मला उलगडायला वेळ लागला नाही. मध्ये वादळ झालं होतं तेव्हा तीन दिवस ती बागवाल्याच्या बायकोबरोबर मोडलेल्या फांद्या ओढत होती. मला सांगितलं होतं, अंगभर खरचटलंय म्हणून. मी गाठी मारल्या. हिनं वहीत धरले नसणार.

आन मी गप्प बसले. एक अख्खा दिवस. खोटं कशाला बोलू? सुतळी तिथंच होती, फोन हातात होता. गप्प बसले की पोरगी महिन्याअखेर घरी, माझ्या खाटंच्या बाजूला. सूनसुद्धा त्या दिवशी खुशीत होती, बहिणीला खोली लावायला घेतली. मी भाजी निवडत बसले आन माझा हात आपोआप नडगीवरच्या वणावर गेला. गेनाऊ, म्हणली होती ती.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला, तिला 'आज्जे' म्हणू दिलं नाही. "ते वादळातले तीन दिवस वहीत आहेत का?"

"नाहीत. माझ्या कागदावर फळं तोडणे लिहिलंय. मी फांद्या उचलल्या. ती मदत होती."

"घाम आला का?"

"आला."

"त्याचे पैसे दिले का तिनं?"

"दिले. पगाराच्या कागदात आहेत. पण आज्जे, फळ एकही तोडलं नाही!"

"अगं येडे," म्हणलं, "झाड जगवलं तर फळ येतं. आत्ताच्या आत्ता जा आन त्या बाईला विचार."

ती बाई हसत सुटली म्हणे. "हे काय विचारायला आलीस?" म्हणली आन अठ्ठ्याऐंशी दिवसांवर सही केली. माझ्या सुनेच्या बहिणीनं जन्मात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं. फोनवर इतकी रडली की मला माझ्या जखमेत भरलेली हळद आठवली, आधी झोंबली आन मग आराम पडला. लेकानं तर नवल केलं. जेवताना स्वतःहून म्हणला, "आई, ती सुतळी मला दे." दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या टेबलावर ठेवली. लोक विचारतात हे काय, तर सांगतो म्हणे, माझ्या आईची ऊसतोडीच्या रीतीची वही.

त्याला आता सात महिने झाले. ती पश्चिमेला आहे, द्राक्षात. फोन येतो, पण रोज नाही; आता दिवस मोजायचे नाहीत ना. मीच म्हणलं, कामाला लाग, म्हातारीला काय बोलत बसतेस. लोकांना काम करणारं माणूस दिसतं, त्याचे कष्ट दिसत नाहीत; पण हौसेनं गेली आन कुणी न सांगता त्या कष्टाला कष्ट म्हणली, अशी मी एकच पाहिली.

इथं मी भाकरी करते ती सुनेच्या काळ्या, गुळगुळीत, हलक्या तव्यावर. पापुद्रा सुटत नाही, फुगत नाही. परवा सून म्हणली, "आई, नवीन तवा आणू?" तिला एवढं मराठी कधी आलं कुणास ठाऊक.

म्हणलं, "नको गं. माझा तवा यायचाय."