पाण्यात ठेवलेले देव

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझी भक्ती कमी आणि दमदाटी जास्त होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, पार्सिपनीजवळ नदीकाठच्या एका गल्लीत आम्ही भाड्याने राहत होतो. मुलगी आठव्याच महिन्यात झाली आणि तिला हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. पुण्याहून मावशी फोनवर "सातमाशी जगतं गं, पण आठमाशी…" एवढं बोलून गेली आणि तिने जीभ चावली. माझ्या मात्र ते काळजात रुतलं. हॉस्पिटलातून मला घरी सोडलं तशी मी तडक देवघरापाशी गेले. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, आईने लग्नात दिलेले दोन पितळी देव, उचलले आणि पातेलंभर पाण्यात ठेवले. म्हटलं, "पोर घरी येईपर्यंत बसा आता पाण्यात!" संकटात देव पाण्यात ठेवायची आपल्याकडे रीतच आहे, पण इतक्या रागाने कुणी ठेवले नसतील.

त्या वर्षी डोंगरांवरचं बर्फ एप्रिल आला तरी हललं नव्हतं. त्यावर पाऊस लागला तो चार दिवस थांबेचना. पावसाचं पाणी आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी, दोन्ही आमच्याच नदीत. सखल भागातल्यांनी घरं सोडा, असं रेडिओवर सारखं सांगत होते. हे मुलीपाशी हॉस्पिटलात, नदीपलीकडे. सकाळी त्यांचा फोन आला, "तिला ताप चढलाय. डॉक्टर बघतायत. तू येऊ नकोस, पूल क्लोज केलाय." आणि लाइनच गेली. बेसमेंटमधलं पाणी एकेक पायरी वर येत होतं आणि मी पातेल्यापुढे बसून राहिले होते. देव बाहेर काढले तर धरलेला हट्ट मोडतो, मग पोरीचं काय होईल? ह्या विचाराने माझे पायच उचलेनात.

तेवढ्यात दारावर थाप पडली. गावच्या अग्निशमन दलातला एक स्वयंसेवक होता, साठीच्या पुढचा, गुडघ्यापर्यंत गमबूट घातलेला. मी सांगितलं, ह्या पातेल्याशिवाय मी येणार नाही. त्याने आत डोकावून पाहिलं.

"हे कोण?"

"आमचे देव."

"पाण्यात?"

"हो."

त्याने हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "ऑलराइट. झाकण आहे का?"

त्यापुढे एक प्रश्न विचारला नाही त्या भल्या माणसाने. पातेलं मांडीवर घेऊन मी त्याच्या ट्रकमध्ये बसले. कोपऱ्यावर पाण्याखालच्या खड्ड्यात चाक आदळलं आणि सगळं पाणी माझ्या अंगावर. देव ट्रकच्या तळाशी गडगडले. मी हंबरडाच फोडला, "संपलं! माझी मुलगी गेली!" त्याने ट्रक थांबवला. दोन्ही मूर्ती शोधल्या, गळ्यातला टॉवेल काढला आणि न्हाऊ घातलेल्या लेकरांना पुसावं तसं आधी डोकं, मग अंग, असं त्यांना नीट पुसलं. मग टॉवेलासकट माझ्या ओंजळीत ठेवत म्हणाला, "आज सगळ्यांनाच पाणी पुरे झालंय, मॅम. यांनाही जरा कोरडं होऊ द्या."

मला फार लाज वाटली. नदीवर माझं काही चालत नव्हतं, तापावर नव्हतं, म्हणून ज्यांच्यावर हात चालत होता त्यांनाच मी बुडवून ठेवलं होतं. मूर्ती छातीशी धरल्या आणि म्हटलं, "पोर तुमचीच आहे. आता तुम्ही बघा." इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

चर्चच्या हॉलमध्ये आमची सोय केली होती. दुपारी तिथल्या फोनवरून हॉस्पिटल लागलं. ताप उतरला होता. नेमका कधी, ते मी विचारलं नाही, आजही विचारत नाही. तीन आठवड्यांनी मुलगी घरी आली. टॉवेल धुऊन, बेसनाचे लाडू घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेले, तर लाडू ठेवून घेतले आणि टॉवेल परत दिला. म्हणाले, "असू दे, त्यांना लागेल."

तोच टॉवेल आजही देवांचं आसन आहे. गेल्या वर्षी मुलीचं स्वतःचं बाळंतपण अडलं, तेव्हा माझा हात सवयीने पातेल्याकडे गेला होता. मग मी टॉवेलाची घडी सरळ केली, देव त्यावर बसवले, निरांजन लावलं आणि एवढंच म्हटलं, "तुमचीच आहे."