एक बाही लाल

आमच्या घरमालकांच्या मते आधी त्यांचा फुटबॉल क्लब स्थापन झाला आणि मग, खेळायला कुणीतरी समोर हवं म्हणून, त्याच्याभोवती ब्राझील देश वसवण्यात आला. हे ते थट्टेनं म्हणत नसत. ऐंशीच्या दशकात चार वर्षं मी न्यू जर्सीतल्या एडिसनला त्यांच्या तळघरात भाड्यानं राहिलो, आणि त्या चार वर्षांत त्यांनी थट्टा म्हणून काही केल्याचं मला आठवत नाही. जोडे दुरुस्तीचं दुकान चालवणारे, बुटके, पांढऱ्या मिशांचे विधुर गृहस्थ. घर काळं, खिडकी एकच लाल. गाडी काळी, दार एकच लाल. दार चोरीचं असेल अशा संशयानं पोलिसांनी त्यांना दोनदा थांबवलं, तर दोन्ही वेळा यांनी त्यांना रस्त्याच्या कडेला उभं करून क्लबाचा इतिहास सांगितला. दुसऱ्या वेळी पोलिसानंच हात जोडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

तो इतिहास मला तोंडपाठ आहे. नदीकाठचं लहानसं गाव, तिथला रेल्वेचा कारखाना. टेकडीवर बड्या लोकांचा क्लब, हिरव्या पोशाखाचा. तिथं सभासद व्हायला सही लागे. कारखान्यातल्या अकरा कामगारांना सही येत नव्हती, म्हणून त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. त्याच संध्याकाळी पाण्याच्या टाकीखाली त्यांनी आपला क्लब काढला. इंजिनांच्या काळ्या रंगात शर्ट बुडवले. लाल रंग थोडाच उरला होता, तो एकेका बाहीला पुरला. आणि पहिला नियम केला : इथं सभासद अंगठा उठवूनच होता येईल, मग तो डॉक्टर असो की न्यायाधीश.

मला खोली देताना त्यांनी नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. माझ्या स्वेटरकडे बघून एवढंच म्हणाले, "हिरवं काही आणलंयस का?" मला धास्ती होती ती दुसऱ्याच प्रश्नाची. माझी शाळा नववीत सुटली. मावसभावानं, म्हणजे दादानं, मला इकडे आणलं आणि ओक ट्री रोडवरच्या एका हॉटेलात पीठ मळायला लावून दिलं, त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण तो पडला इंजिनिअर. मराठी मंडळींच्या गणपतीत कुणी काकांनी "तुझं एज्युकेशन काय रे?" विचारलं, की तो घाईघाईनं म्हणे, "शिकतोय अजून." मी प्रसादाच्या रांगेत तोंड लपवीत असे. घरमालकांनी चार वर्षांत तो प्रश्न केला नाही. एकदा वहिनी हिरव्या बांगड्या घालून आल्या. त्या सौभाग्याच्या असतात असं मी समजावलं, तर बराच विचार करून त्यांनी विचारलं, "नवरा टेकडीवाला आहे का?" वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांना सांगा, नवरा सोलापूरचा आहे." त्यावर त्यांना कॉफी मिळाली.

न्यू जर्सीतल्या कुठल्या पेपरात त्या गावच्या क्लबाची बातमी यायची? म्हणून त्यांची बहीण तिकडे रेडिओवरची कॉमेंट्री कॅसेटवर भरून टपालानं पाठवी. यायला दहाबारा दिवस लागत. तोवर, घरमालकांच्या हिशेबी, मॅच झालेलीच नसे. रविवारी दुपारी आम्ही दोघं एक लाल बाही असलेले शर्ट घालून टेपरेकॉर्डरसमोर बसायचो, आणि ते दोन आठवड्यांपूर्वीच्या गोलकीपरला ओरडून सूचना द्यायचे. कॅसेट कधी शेवटाआधीच संपे, म्हणून बहीण निकाल लिहून एका बंद पाकिटात घाली. अशा रविवारांनी मला इंग्रजीच्या आधी फुटबॉलपुरती पोर्तुगीज आली.

आणि त्या पोर्तुगीजनंच माझा घात केला. त्या वर्षी वरच्या गटात जायला एकच जागा होती आणि शेवटची मॅच टेकडीवाल्यांशी. बरोबरी झाली तरी टेकडीवाले वर जाणार होते. घरमालक तरुणपणी गाव सोडून आले, त्यानंतर त्यांचा क्लब वर गेलेलाच नव्हता. मॅचच्या दिवशी ते दुकानात असताना फोन वाजला. बहीण. रडत होती, हसत होती. "दोन-एक," ती म्हणाली. कॉर्नर, डोकं, शेवटचं मिनिट, एवढं मला कळलं. मग एकदम भानावर येऊन म्हणाली, "त्याला सांगू नकोस."

पुढचे अकरा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. माझा चेहरा म्हणजे उघडं कपाट. मी जिन्यात त्यांना टाळू लागलो, पोट बिघडल्याचं सांगितलं, तर ते रोज सूप घेऊन खाली येत आणि मी पिईपर्यंत समोर बसत. "काळजी करू नकोस," ते म्हणत, "मॅच अजून व्हायचीय."

कॅसेट आली. रविवारी बसलो. एक-एक. शेवटचं मिनिट राहिलं, कॉर्नर मिळाला, निवेदकाचा आवाज चढला, आणि खट् करून कॅसेट संपली. त्यांनी पाकीट फोडलं. चिठ्ठीवर एकच ओळ होती : भाडेकरूला विचार.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"अकरा दिवस."

"आणि तू सूप पीत होतास?"

मी नुसता आकडा सांगायला गेलो, तर त्यांनी हात वर केला. "तसं नाही. कॉर्नरपासून."

मी उठून उभा राहिलो. इंग्रजी सुचेना, पोर्तुगीज पुरेना, म्हणून सरळ मराठीत सुटलो. चेंडू आला वाऱ्यावरून, टेकडीवाले सगळे वर बघतायत, आपला गडी मागून धावला, उसळला, आणि हाणलं डोक्यानं. मधलं बरंचसं माझ्याच पदरचं होतं. फक्त शेवटचा शब्द दोघांनाही कळणारा होता. तो मी श्वास संपेपर्यंत ओढला. घरमालक खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. मग उठून माझा हात धरून मला खोलीभर नाचवलं.

शांत झाल्यावर त्यांनी कपाटातून सभासदत्वाचा अर्ज काढला. मी अदबीनं पेन घेतलं आणि मला चांगली येणारी एकच गोष्ट केली, झोकदार सही. त्यांनी अर्ज फाडला. "नियम," ते म्हणाले, आणि जोड्यांच्या पॉलिशची डबी पुढे केली. मी अंगठा बुडवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोऱ्या कॅसेटवर तो गोल माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला. दोन वर्षांनी दुकान विकून ते गावी परतले, तेव्हा ती कॅसेट कोटाच्या आतल्या खिशात होती. पुढे ते वारल्यावर त्यांच्या बहिणीचं पत्र आलं. टाकीखाली दरवर्षी त्या मॅचच्या दिवशी सभासद जमतात, आधी रेडिओची कॅसेट लावतात, मग तुझी, असं तिनं लिहिलं होतं. एक अक्षर कुणाला कळत नाही, पण शेवटच्या शब्दाला सगळे उठून उभे राहतात. पहिल्या रांगेतली एक खुर्ची आता त्याच्यासाठी रिकामी ठेवतात, असंही लिहिलं होतं.

गणपतीत अजून कुणी शिक्षण विचारलं, की माझा अंगठा आपोआप खिशातल्या क्लबाच्या सभासद-कार्डाकडे जातो. मग मी सांगतो, नववी.