बर्फी कधी?

मित्रांनो, आज सकाळी आमच्या एमबीएच्या ग्रुपवर एकीच्या लग्नाचे फोटो आले होते. त्यांच्याच खाली शेवगावच्या संतोषचा मेसेज दिसला, 'काल सकाळी मुलगी झाली.'

मी नगरला ऑफिसच्या गडबडीत एवढंच वाचलं आणि लगेच लिहिलं, 'अभिनंदन! बर्फी कधी?' माझं बघून बाकीच्यांनीही धडाधड अभिनंदन केलं.

दुपारी जेवताना त्याच मेसेजची दुसरी ओळ वाचली. 'संध्याकाळी ती गेली.'

घास तसाच ठेवून त्याला फोन लावला. मी माफी मागायला लागलो. तोच म्हणाला, "राहू दे रे. घरी जो येतो तो रडतो हाय. तिची बर्फी मागणारा तू एकटाच."

माझा मेसेज अजून तिथंच आहे. तुम्ही डिलीट केला असता का?