दोरीच्या अलीकडे

त्या वर्षी आमच्या पलटणीला लढाई नव्हती, प्लेगाची ड्यूटी होती. धार शहराबाहेर माळावर छावणी घालायची, तिला गार्ड ठेवायचा आणि नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावर गाठ आहे का ते तपासायचे. बायका पुरुषांना काखेला हात लावू देईनात. तेव्हा सुभेदारसाहेबांनी शिपायांच्या लाइनीतल्या दोन बायका पलटणीच्या नावावर घेतल्या. एक मी, दुसरी मथुराआक्का. दोघींना पितळी बिल्ले मिळाले. छावणी उठेपर्यंत आम्ही शिपायांसारख्याच हुकमात होतो. त्यामुळे लोक मला अजून पलटणवाली म्हणतात आणि प्लेगात कशी सेवा केली ते सांगायला लावतात. मी नाक्यावरचे सांगते आणि उठते. उरलेले इथे लिहिते.

माझे घरचे त्याच पलटणीत शिपाई. त्यांची नेमणूक बदनावरच्या रस्त्यावर, तिथल्या नाक्याला. आक्का विधवा. तिचे यजमान पूर्वी पलटणीत होते, ते गेल्यावर ती लाइनीतच शिपायांच्या भाकऱ्या भाजून राहिली. माहेर देवासचे, धाकट्या पातीतले. देवासात एकाच गावात दोन राजे. रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी.

छावणीचे दोन भाग होते. अलीकडे तपासणीचा तंबू आणि पाण्याची पिंपे. पलीकडे आजाऱ्यांच्या तट्ट्यांच्या झोपड्या. मध्ये खांबांना बांधलेली काथ्याची दोरी. पहिल्या दिवशी सुभेदारसाहेबांनी आम्हाला समोर उभे केले.

"एक बाई दोरीच्या आत राहील, आजाऱ्यांपाशी. आत गेली की छावणी उठेपर्यंत बाहेर नाही. एक नाक्यावर. बोला."

मी खाली पाहिले. साहेबांनी माझ्या कपाळाकडे पाहिले आणि मग आक्काच्या. आणखी काही बोलावे लागले नाही. सवाष्ण आत पाठवून तिच्या नवऱ्याला काय सांगायचे, असा तो विचार होता. विधवेचे कोणाला सांगायचे नव्हते. लाइनीतल्या सगळ्यांना ते रास्त वाटले. मलाही वाटले. खरे म्हणजे मला बरे वाटले.

आक्का दोरीखालून वाकून आत गेली आणि तिकडून म्हणाली, "एवढंच ना? आमच्या देवासात इकडे शिंकलं तर थोरल्या पातीत आणि तिकडे शिंकलं तर धाकटीत. हद्द ओलांडायची मला सवय आहे."

हवालदार माळव्यातला होता. तो हसला. सुभेदारसाहेब हसले नाहीत.

रुटीन असे होते. बिगुल वाजला की रोल-कॉल. आक्का दोरीच्या आत उभी राहायची, आम्ही बाहेर. नंतर फिनेलने हात धुवायचे, नाक्यावर जायचे, बायकांच्या काखा आणि जांघा तपासायच्या. ताप किंवा गाठ निघाली तर आत. दुपारी जेवण, पुन्हा नाका. आत गेलेल्यांतले थोडे परत यायचे.

माझा आवाज लहान. इतक्या पुरुषांपुढे नाव पुकारले की तोंडातून हाजर निघायचे नाही. दुसऱ्याच दिवशी हवालदार चिडला. तेव्हा दोरीच्या आतून बारीक आवाज काढून आक्का ओरडली, "यशोदाबाई हाजर!" सगळी पलटण हसली. तेव्हापासून माझ्या नावाला तीच हाजर म्हणायची, मग स्वतःच्या नावाला आपल्या आवाजात. हवालदाराने चालू दिले. मी तिला म्हणायचे, आक्का, मला लाज वाटते. ती म्हणायची, "तुझी तू सांभाळ. हाजर मी सांभाळते."

दुपारी नाका रिकामा असला की मी दोरीपाशी बसायचे. ती आतून बोलायची. कोणाचे पोर दगावले, कोणाला घाम सुटून ताप उतरला, एक म्हातारी मरतानाही सुनेला कशी शिव्या देत होती. ती आजाऱ्यांचे डोके मांडीवर घेऊन पाणी पाजायची. कंपाउंडर तिला रागवायचा. मी पण म्हणाले, "लांबून पाज की."

"लांबून पाजलं की सांडतं," ती म्हणाली.

एका सकाळी बिगुल झाला, रोल-कॉल सुरू झाला. माझे नाव आले. कोणी हाजर म्हटले नाही. हवालदाराने पुन्हा पुकारले. मी दोरीकडे पाहिले. तिची जागा रिकामी होती.

दोरीपासून पहिल्याच झोपडीत ती पडली होती. तट्ट्याचे दार उघडे होते, त्यामुळे मला दिसत होती. ताप चढलेला, डोळे लाल. कंपाउंडर येऊन पाहून गेला. गाठ होती. आत दुसरी बाई द्यायला नव्हती. कंपाउंडर आता संध्याकाळी येणार होता.

मी हवालदाराला म्हटले, "मला आत जाऊ द्या."

"नी, बई. साहेब को हुकम हे. कंकूवाली भीतर नी जाय."

कुंकवाची बाई आत सोडायची नाही, हा साहेबांचा हुकूम. मी तिथेच उभी राहिले. तोही उभा राहिला. मग तो हळूच म्हणाला, "म्हूं तो कंकू देखूं. कंकू नी दिखे तो म्हने कंई मालम." आणि बंदूक खांद्यावर टाकून, पाठ फिरवून, पिंपांकडे चालू लागला.

त्याने मला वाट दिली होती. कुंकू पुसायचे आणि वाकून आत जायचे. पुढचे तो पाहणार नव्हता.

मी पदराचे टोक ओले केले. ऊन चढले होते. कुंकवाखालचे मेण मऊ झाले होते, बोट लावले असते तर कुंकवासकट आले असते. मी पदर कपाळापर्यंत नेला. हे बदनावरच्या नाक्यावर उभे आहेत, तिथेही प्लेग आहे, मी इथे कुंकू पुसते आणि तिकडे त्यांना काही झाले तर? हे मनात आले ते खोटे नव्हते. पण त्याच्याआधी दुसरे एक आले होते. आत गेले तर मी मरेन. ते आधी आले. नवऱ्याचे नाव त्याच्या मागून आले.

आक्का पाहत होती. तिने हात थोडा उचलला. "ए, हात खाली घे. वेडी का काय तू? तुझा शिपाई उन्हात उभा आहे तिकडे."

"आक्का, पाणी हवं?"

"आहे पाणी."

तिच्या उशाशी मडके आडवे पडले होते. मला दिसत होते. तरी मी तिचे म्हणणे खरे धरले. हात खाली घेतला. मग भरलेला तांब्या घेऊन आले आणि बांबूच्या काठीने दोरीखालून जेवढा जाईल तेवढा आत ढकलला. ती तिथपर्यंत येऊ शकणार नाही, हे मला माहीत होते.

ती म्हणाली, "ठेव तिथंच. घेते मग." आणि कूस बदलून तिकडे तोंड केले. मला बघावे लागू नये म्हणून केले.

हवालदार पिंपांना वळसा घालून परत आला. त्याने माझ्या कपाळाकडे पाहिले. मी नाक्यावर गेले. त्या दुपारी मी किती बायका तपासल्या ते आठवत नाही. संध्याकाळी कंपाउंडर आला तेव्हा ती गेली होती. तांब्या काठोकाठ भरलेला होता.

नाल्याच्या काठी छावणीची चितेची जागा होती, तिथे शिपायांनी तिला अग्नी दिला. मी या बाजूने धूर पाहिला.

हे बदनावरहून सुखरूप आले. पुढे बऱ्याच वर्षांनी घरीच, अंथरुणावर, साध्या तापाने गेले. शेजारच्या बायकांनी माझे कुंकू पुसले. एका बोटाने निघाले. एवढ्याशासाठी मी थांबले होते.

कीर्तनात बुवा सांगतात की दुसऱ्यासाठी सोसतो त्याचेच प्रेम खरे. मला ते पुरते पटत नाही. आक्काला मी सोसावे असे वाटत नव्हते. मी आत जाऊन मेले असते तर तिला आनंद झाला नसता. माझी तिच्यावर माया होती, हे मी आजही सांगेन. पण ती माया दोरीपर्यंतच होती. सोसलेच पाहिजे असे नसेल, पण सोसायची तयारी तरी हवी होती. तिची होती आणि ती दाखवायचीही तिला गरज वाटली नाही. माझी नव्हती, आणि ती आहे असे दाखवायला मी पदर ओला केला. मला लाज वाटते ती त्या ओल्या पदराची.

एक राहिले. दुसऱ्या दिवशी बिगुल झाला. हवालदाराने माझे नाव पुकारले. मी हाजर म्हटले. स्पष्ट म्हटले, आवाज निघाला. मग यादीत होते म्हणून, सवयीने, त्याने पुढचे नाव पुकारले.

"मथुराबाई."

तिने इतके दिवस माझ्या नावाला हाजर म्हटले होते. तिच्या नावाला म्हणायला मी तिथे होते. माझे तोंड उघडले होते, हाजर निघाले नाही. हवालदार थोडा थांबला. मग त्याने पुढचे नाव घेतले. तिचे मी इथे लिहिते.

मथुराबाई. देवास, धाकटी पाती.