आधी प्राणी, मग बातमी

आवाजरावांना संस्थेत कोणी खऱ्या नावाने हाक मारल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यामागे एक दुमजली संशोधन संस्था होती आणि तिच्या जिन्याखालच्या खोलीत ते बसत. खोली कसली, पूर्वी तिथे पेंडीची पोती ठेवत. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. खिडकी एकच, तीही गोठ्याकडे उघडणारी. गोठ्यातल्या गाई रवंथ करत बसायच्या आणि त्यांच्याकडे बघता बघता आवाजरावांच्या पापण्याही जड व्हायच्या. दुसऱ्या कोणाला कामावर डुलकी लागली तर त्याला आळस म्हणतात. आपली डुलकी ही मात्र कामाची पूर्वतयारी आहे, असं आवाजरावांचं ठाम मत होतं, आणि त्यांचं काम पाहता ते अगदीच खोटं नव्हतं.

काम असं. संस्थेचा एक फोन नंबर होता. तो कोणीही फिरवला की पलीकडून आवाजराव बोलू लागत. संशोधनातलं काहीतरी नवं, मग ते वरच्या मजल्यावरचं असो की परदेशी नियतकालिकातलं, ते रोज सकाळी तीन मिनिटांत साध्या भाषेत ध्वनिमुद्रित करून ठेवत. कोंबड्यांची सर्दी, घोड्यांचे खूर, माणसांचा रक्तदाब, सगळं तिथे गुण्यागोविंदाने नांदे. आवाज उन्हात तापवलेल्या उशीसारखा. एक गोठेवाला धार काढताना गाईंसमोर फोन मोठ्या आवाजात लावून ठेवायचा. म्हणायचा, "यांनी तोंड उघडलं की गाय पान्हा सोडते. काय बोलतात ते मला कळत नाही, पण तिला कळतं."

या कामाला एक नियम होता. तो संस्थेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी घालून दिला होता. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. नियम एवढाच, की आधी प्राणी, मग बातमी. प्रयोग कोणावर झाला ते पहिल्या शब्दात आलं पाहिजे. "मेंढ्यांमध्ये असं दिसलं, की..." किंवा "काही कुत्र्यांमध्ये असं आढळलं, की..." आवाजरावांनी सुरुवातीला कुरकुर केली होती. वाक्य लंगडतं म्हणाले. बाई म्हणाल्या, "लंगडू द्या. लोक पहिलं वाक्य ऐकतात आणि तुमचं शेवटचं वाक्य येईपर्यंत औषधाच्या दुकानात पोचलेले असतात." तेव्हापासून आवाजरावांच्या तोंडून प्राणी कधी सुटला नाही. रस्त्यात ओळखीचे लोक "काय, आज कोणावर?" असं विचारून त्यांना छेडायचे.

त्यांचा सगळ्यात जुना श्रोता त्यांच्या घरातच होता. त्यांची बायको आयुष्यभर शिंप्यांसाठी काजं करत आली होती. अर्ध्या गावाची अब्रू तिच्या काजांवर टिकून होती म्हटलं तरी चालेल. आवाजराव जेवायला घरी आले की ती त्यांचं ताट वाढायची आणि फोन घेऊन समोर बसायची. ते काही बोलायला गेले तर म्हणायची, "तुम्ही गप्प बसा हो, मला ऐकू द्या." आणि मग त्यांच्याच आवाजातली बातमी त्यांच्यासमोर बसून ऐकायची. संपल्यावर वर सांगायची, "आज तो काय म्हणाला माहितीये?" तो म्हणजे फोनमधला. तिच्या लेखी ही दोन वेगळी माणसं होती. घरातला माणूस भाजी चांगली झाली नसली तरी चांगली झाली म्हणायचा. फोनमधला तसं काही म्हणायचा नाही.

आवाजरावांना याची गंमत वाटायची. खरं सांगायचं तर कधीकधी त्यांना त्या दुसऱ्याचा हेवाही वाटायचा.

मग तिचे हात थरथरू लागले. आधी उजवा, मग डावाही. कंपवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि "घाबरू नका" असंही सांगितलं. सूनबाई म्हणाली, "आई, तुमचे हात तर आज किती स्थिर आहेत!" लेकाने फोनवरून तेच म्हटलं, त्याला तर हात दिसतही नव्हते. आवाजराव काय म्हणाले असतील ते सांगायला नको. ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि खिडकीजवळ जाऊन सुई ओवायला बसायची. दोरा नेढ्याच्या या बाजूने जायचा, त्या बाजूने जायचा, आत मात्र जायचा नाही. आवाजरावांनी हात पुढे केला की ती सुई मुठीत लपवायची. "माझं मी बघेन," म्हणायची. एकेक दुपार यातच सरायची. फोन कानाला लावला की तो थरथरून तिच्या कानातल्यावर वाजायचा, टक टक टक. त्या आवाजातच ती बातमी ऐकायची.

आणि एके सकाळी वरच्या मजल्यावरची उंदीरवाली धावत खाली आली. ती संशोधक होती, पण तिचे उंदीर इतके प्रसिद्ध होते, की तिला दुसरं काही म्हणायचं कोणाला सुचलंच नाही. तिने सांगितलं ते असं: थरथर असलेल्या उंदरांना दोन डब्यांमधल्या बारीक काठीवरून चालवलं, तर ते पडतात. खाली कापूस पसरलेला असतो, त्यात बुडतात. नव्या औषधानंतर त्यातले बरेचसे काठी ओलांडून पलीकडे गेले. "शेपटी सरळ ठेवून, काका! बघायला हवं होतंत!" असं म्हणून ती जशी आली तशी धावत गेली.

आवाजराव खिडकीशी बसले. गाई रवंथ करत होत्या. नेहमीप्रमाणे डोळे मिटले, आणि त्यांना दिसलं, की ती काठी म्हणजे काठी नाहीच, निळा रेशमी दोरा आहे. त्यावरून एकामागून एक उंदीर चाललेत, शांत, कुठेच घाई नाही. दोऱ्याच्या टोकाला सुई आहे आणि तिचं नेढं दारासारखं उघडं आहे. एकेक उंदीर त्यातून आत जातोय. पलीकडे त्यांच्या घराची खिडकी आहे. तिथे बायको बसली आहे, आणि तिच्या हातातल्या कापडाची साधी सुरकुतीही हलत नाही. एवढी शांतता त्यांनी कित्येक दिवसांत अनुभवली नव्हती. गाय हंबरली तेव्हा ते जागे झाले, पण पुरते नाही. तशाच गुंगीत त्यांनी यंत्राचं बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली.

"हातांची थरथर थांबवणारं औषध आता दृष्टिपथात आलं आहे..."

पुढची तीन मिनिटं त्यांना जड गेली नाहीत. वाक्य लंगडलं नाही की अडखळलं नाही. इतकं सुरेख ते कधीच बोलले नव्हते. उंदीर मात्र त्यात कुठेही नव्हता. हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. शेवटच्या वाक्याला ते लक्षात आलं होतं. मोठ्या बाई एका अडलेल्या घोडीसाठी बाहेर गेल्या होत्या, ऐकून बघणारं कोणी नव्हतं. दुरुस्त करता आलं असतं. आवाजरावांनी यंत्राकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं आणि डबा नसतानाही डबा विसरल्यासारखे लगबगीने जेवायला घरी गेले.

तिने ताट वाढलं. फोन कानाला लावला. टक टक टक. ते घास हातात धरून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिने पूर्ण ऐकलं, फोन ठेवला आणि पुन्हा नंबर फिरवला. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा आवाजरावांना वाटलं, झालं, आनंद झाला! आता ती हसेल. शिवणाचा डबाही काढेल बहुतेक.

तिने फोन खाली ठेवला.

"आज त्याने प्राणी सांगितला नाही," ती म्हणाली.

"अगं, विसरला असेल."

"तो विसरत नाही. विसरता तुम्ही." तिने त्यांच्या ताटाकडे पाहिलं. "कोणावर झालाय प्रयोग?"

"उंदरांवर," आवाजराव म्हणाले.

"हं." तिने पदराने डोळे टिपले, तेही नीट जमेना. "डॉक्टर गोड बोलतात. सून गोड बोलते. तुमचं तर विचारूच नका. मला गोड न बोलणारा एकच माणूस होता हो. त्यालाही तुम्ही आपल्यासारखं केलंत."

आवाजरावांनी घास ताटात ठेवला. ते उठले, हात धुतले आणि भर उन्हात संस्थेकडे चालू लागले. चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीची लाज जास्त वाटते. वाईट हेतूने केली असती तर निदान स्वतःवर रागावता तरी आलं असतं.

फाटकाशी एक म्हातारा उभा होता. चौकातला घड्याळजी. आवाजराव त्याला ओळखत होते, पण दुकान बंद ठेवून रस्त्यावर उभं असलेलं त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. अंगात इस्त्रीचा सदरा, केस ओले करून भांग पाडलेला. दोन्ही हात खिशात खोल घातलेले. खिसे हलत होते.

"औषध कुठल्या खिडकीवर मिळतं?" त्याने विचारलं.

आवाजराव फाटकातच थांबले. "ते अजून उंदरांनाच दिलंय," ते म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चूक माझी आहे."

घड्याळजीने खिशातले हात आणखी खोल घातले. मग म्हणाला, "आवाज तुमचाच ना तो? फार छान सांगितलंत. मी आंघोळ करून आलो." यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. जाताना तो वळला. "उंदरांपर्यंत आलंय म्हणता?"

"हो."

"मग निघालंय तरी," असं म्हणून तो खिशातले हात बाहेर न काढता गेला.

जिन्याखालच्या खोलीत गोधड्या तशाच होत्या, गाई तशाच. आज मात्र आवाजरावांचे डोळे मिटले नाहीत. त्यांनी बटण दाबलं.

"उंदरांमध्ये," ते म्हणाले आणि थांबले. "फक्त उंदरांमध्ये, आणि त्यातल्याही सगळ्यांमध्ये नाही, असं दिसलं आहे, की..." मग काठी सांगितली, कापूस सांगितला, पडलेले उंदीर सांगितले. माणसांना हे औषध अजून कोणी दिलेलं नाही, द्यायला कदाचित कित्येक वर्षं लागतील, कदाचित ते कधीच देता येणार नाही, असंही सांगितलं. "सकाळी मी हे सांगितलं नव्हतं. ज्यांनी ऐकलं त्यांची क्षमा मागतो." आवाज मध्ये दोनदा फाटला. त्यांनी तो तसाच ठेवला. मग मोठ्या बाईंच्या टेबलावर झालं ते लिहून ठेवलं. उद्या बोलणी बसणार होती, ती खायची त्यांची तयारी होती.

घरी आले तेव्हा ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. ती खिडकीशी बसली होती, कानाला फोन. टक टक टक. ते चप्पल काढून दारातच उभे राहिले. संपल्यावर तिने फोन ठेवला.

"आला उंदीर," ती म्हणाली.

ते तिच्यासमोर बसले. खिडकीतून आलेल्या उजेडात धूळ हळूहळू तरंगत होती आणि दोघंही त्या धुळीकडे बघत राहिले. क्षणभर आवाजरावांना सकाळचं स्वप्न तिथेच कुठेतरी असल्यासारखं वाटलं.

"मी आता त्याला विचारत नाही, तुम्हाला विचारते," ती म्हणाली. "माझ्यापर्यंत येईल का हो ते औषध?"

आजवर तिने त्यांना असं काही विचारलं नव्हतं. हो म्हणायला जीभ तयारच होती, ती सवय जुनी होती.

"बहुतेक नाही," आवाजराव म्हणाले.

मग तिने मान हलवली, फोनमधल्या त्याचं ऐकताना हलवायची तशी. शेजारच्या डब्यातून सुई काढली, निळा दोरा काढला आणि दोन्ही त्यांच्या हातावर ठेवलं.

"ओवून द्या," ती म्हणाली.

आवाजरावांनी सुई उजेडात धरली. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा दोरा आत गेला.